येरमाळ्याच्या काट्यावरचं वजन

मला दोन सवयी आहेत आणि दोन्ही या नोकरीला शोभत नाहीत, असं आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या. एक, हसू आलं की मला आवरत नाही. दुसरी, आकडे दिसले की मी चेकाळते. नर्सिंगच्या वर्गात डोसाच्या गणितांचा तास आला की निम्म्या मुलींच्या पोटात दुखायचं. माझा त्याच तासावर जीव. किती मिलिग्रॅम द्यायचंय, बाटलीत किती आहे, मग सिरिंजमध्ये किती ओढायचं, एवढं सुटलं की मला भेळ खाल्ल्याचा आनंद व्हायचा. सुट्टीत अणदूरला घरी गेले की मी आईच्या स्वयंपाकात शिरायचे आणि किलोमागे तिखट किती, माणसामागे मीठ किती, असले हिशेब मांडायचे. एकदा तिनं माझ्या हिशेबानं आमटी केली. त्यानंतर तिनं मला चुलीजवळ बसायची बंदी केली, ती अजून उठलेली नाही.

नोकरी लागली ती येरमाळ्यापासून फार लांब नसलेल्या एका सरकारी दवाखान्यात. त्या दिवसांत मी जमिनीवरून चालतच नव्हते. कडक इस्त्रीचा ड्रेस, खिशात दोन पेनं, कात्री आणि कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर नुसता शोभेला, कारण तोंडी हिशेब करून दाखवण्यात जी मजा आहे ती बटणं दाबण्यात नाही. कुणी 'सिस्टर' अशी हाक मारली की मी मागे वळून बघायचे, ही कुठली सिस्टर उभी आहे म्हणून. मग लक्षात यायचं की ती मीच, आणि मला पुन्हा हसू यायचं.

इन्चार्ज सिस्टर निवृत्तीला आलेल्या होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि आवाज असा की व्हरांड्यात कुणी तंबाखू मळत असेल तर त्याचा हात जागच्या जागी थांबावा. लहान मुलांच्या इंजेक्शनांबाबत त्यांनी एक रिवाज पाडला होता. हिशेब दोघींनी करायचा, पण एकमेकींकडे पाठ करून. दुसरीच्या कागदात डोकवायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. झालं की तोंडं समोरासमोर करायची आणि उत्तर दोघींनी एकदम बोलायचं. जुळलं तर सुई, नाही जुळलं तर पहिल्यापासून. मला हा खेळ इतका आवडायचा की लहान मूल दाखल झालं रे झालं की मी पाठ फिरवून तयार. त्या म्हणायच्या, "अगं, आधी पोराकडं तोंड कर."

तो दिवस दवाखान्याच्या गावच्या आठवडी बाजाराचा. दवाखान्यात बाजाराइतकीच गर्दी, कारण बाजाराला आलेला माणूस दवाखानाही उरकून जातो. त्यात बाळांचं वजन करायचा आमचा काटा मुका झालेला. त्याला एक चौकोनी सेल लागायचा आणि तो गावातल्या एकाही दुकानात नव्हता. दवाखान्यातल्या शिपाईमामांनी कळंबहून आणायचं कबूल केलं होतं. ते रोज कळंबहून यायचे आणि रोज सेल सोडून बाकी सगळं घेऊन यायचे.

अशा गर्दीत एक टमटम थेट पायरीपर्यंत आली. तिच्यातून पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उतरले, त्यांच्यामागे लुगड्यातल्या आजी, आणि मग पोटाशी मुलीला धरलेली त्यांची सून. पोर वर्षाची होती. जावळ नुकतंच काढलेलं, त्यामुळे डोकं चकचकीत, गालाला काजळाचा भलामोठा ठिपका आणि पायात चांदीचे वाळे. अंग तापलेलं आणि छाती घरघरत होती. डॉक्टरांनी लगेच तपासलं, न्यूमोनिया आहे म्हणाले, ऑक्सिजन आणि वाफ सुरू करायला सांगितली. मग कागदावर इंजेक्शन लिहिलं, जेंटामायसिन, किलोला साडेसात मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. वजन किती, असं त्यांनी आईला विचारलं. उत्तर आजोबांनी दिलं, तेही छाती काढून.

"बारा किलो."

डॉक्टरांनी एकदा आजोबांकडे बघितलं, एकदा पोरीकडे. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून त्यांना निकडीची हाक आली. वजन नीट बघून घ्या सिस्टर, असं मला सांगून ते पळाले.

पोरीला वाफेचा मास्क लावला. बाकीची पोरं त्या मास्कला बघून आकांत करतात. हिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यात तोंड घालून 'आ' करून आपलाच आवाज ऐकत बसली. मी तिथंच तिच्यावर भाळले. मग आजोबांना विचारलं की बारा किलो कुणी केलं. यावर आजोबांनी टोपी सारखी केली आणि बाकावर ऐसपैस बसले.

सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. आजींनी येरमाळ्याच्या येडेश्वरीला, म्हणजे येडाईला, नवस बोलला होता, की घरात पाळणा हलू दे, मुलगा असो की मुलगी, लेकराला तुझ्या दारात गुळानं जोखीन. पोर झाली, वर्षाची झाली, तेव्हा सगळं गणगोत घेऊन हे लोक येरमाळ्याला गेले. जावळ काढलं. मग लिंबाच्या फांदीला मोठा तराजू बांधून एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात गुळाच्या किलोकिलोच्या ढेपी. गूळ भरला तो बरोबर बारा किलो. सगळ्या गावात वाटला तरी उरला. आजोबांना नातीचं वय सांगताना चाचरायला व्हायचं, पण वजन त्यांच्या जिभेवर होतं. टमटमवाल्यालासुद्धा ते ठाऊक होतं.

बारा! मला काय, सोप्या गणिताचा मोह. इन्चार्ज सिस्टर आल्या, आम्ही पाठी केल्या. बारा गुणिले साडेसात, नव्वद मिलिग्रॅम. बाटलीत दोन मिली औषध आणि त्यात ऐंशी मिलिग्रॅम. म्हणजे सव्वादोन मिली. माझं त्यांच्या आधी झालं याचा मला एवढा आनंद की मी तयारीला लागले. एक बाटली ट्रेमध्ये ठेवली. एकीत सव्वादोन मावत नाही म्हणून दुसरी घेतली, टोपणाला अंगठा लावला आणि हात तिथंच थांबला. तेवढ्यात काचेला काच लागल्याचा आवाज ऐकून त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दुसरी?"

हा त्यांचा आणखी एक रिवाज. लहान लेकराला एका वेळच्या औषधासाठी दुसरी बाटली फोडायची पाळी आली, की हातातलं सगळं खाली ठेवायचं. गणित बरोबर असेल, पण ते कशावर उभं आहे ते बघायचं. मी दोन्ही बाटल्या खाली ठेवल्या आणि पोरीला मास्कसकट उचललं. माझ्या चुलतबहिणीचं लेकरू याच वयाचं, त्याला कडेवर घेऊन मी सगळं अणदूर हिंडलेली. ही पोर माझ्या हाताला सात किलोची लागली. मी तसं म्हणाले, तर सिस्टर म्हणाल्या की तुझे हात म्हणजे काटा नव्हे, आणि ऐकीव वजन म्हणजे वजन नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर झालं तेच खरं.

मी आजोबांना सांगितलं की वजन पुन्हा करावं लागेल. हे वाक्य मी अगदी साध्या आवाजात बोलले. पण बाकावरच्या त्या तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला.

"आईच्या दारात तोललंय बाई," आजोबा म्हणाले. "ते खोटं व्हय?"

खोटं म्हणावं तर येडाईला खोटं पाडल्यासारखं आणि खरं म्हणावं तर दुसरी बाटली फोडायची. मला नको तेव्हा हसू येतं ते अशा वेळी. मी तोंडावर माझा मास्क ओढून घेतला आणि खोकल्याचं सोंग केलं. आजी पोरीचं पाऊल मुठीत धरून बसल्या होत्या, आणि वजनाचं नाव निघालं तशी त्यांची मूठ आणखी घट्ट झाली होती.

बाळांचा काटा मुका, म्हणून मोठ्या माणसांचा काढला. त्याच्या काट्याला जुनी खोड. वर कुणी नसलं तरी तो दोनावर उभा. आमचा बेत असा की आईनं पोरीला घेऊन चढायचं, मग एकटीनं चढायचं आणि वजाबाकी करायची. आई चढली. पोरीला वाटलं हा नवा खेळ, तिनं पाय झाडायला सुरुवात केली. काटा थरथरायला लागला. एकदा वजाबाकी अकरा आली, एकदा पाच. आजोबांना अकरा फार आवडले, ते म्हणाले आता थांबा. मग काटा खरा की खोटा ते बघायला ते स्वतः चपलेसकट चढले आणि त्यांनी जाहीर केलं की हा काटा माणसाला फुगवतोय. एवढं झाल्यावर माझ्या खोकल्यावर कुणाचाही विश्वास राहिला नव्हता.

इन्चार्ज सिस्टर मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या पलीकडे किराणा दुकान, दुकानात ऐन बाजाराची गर्दी आणि फळीवर लखलखीत नवा इलेक्ट्रॉनिक काटा. त्यांनी खिडकीतूनच दुकानदाराला हाक मारली. ती हाक ऐकून दुकानदार गूळ तोलता तोलता उठला आणि काटा कवटाळून रस्ता ओलांडून आला. मागून दोन गिऱ्हाइकं आली, कारण त्यांचा गूळ अजून तोलायचा होता. काट्याच्या ताटलीला गूळ चिकटलेला, त्यावर दोन मुंग्या. मी स्पिरिटनं ती ताटली पुसली, मुंग्यांना बाहेर सोडलं आणि वर स्वच्छ कापड घातलं. कापडासकट काटा शून्यावर आणला.

सिस्टरांनी दुकानदाराला मिठाचे किलोकिलोचे पाच पुडे मागवायला सांगितले. कशाला, तर काटा खरा आहे का ते बघायला. दुकानदाराचा चेहरा पडला. माझ्या काट्यावर शंका घेता व्हय सिस्टर, असं तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "आज सगळ्यांवरच घेतीय. तुमी एकटे न्हाय." पुडे आले. एकेक करून ठेवले, आकडे बरोबर पायऱ्या चढत पाचावर गेले. दुकानदारानं सगळ्यांकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात आजींनी त्यातला एक पुडा उचलला आणि दृष्ट काढल्यासारखा पोरीवरून उतरवला. सिस्टरांनी तो पुडा निमूटपणे बाजूला ठेवला. तो पुन्हा दुकानात गेला की आजींच्या पिशवीत, ते मी बघितलं नाही.

मग अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. आई एकेक काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवायला लागली. दोन वाळे, जाड, आजोळहून आलेले. कमरेची साखळी. हातातली कडी. गळ्यातला ताईत, तोही चांदीत मढवलेला. ट्रे जड व्हायला लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी विचारलं की हे सगळं येरमाळ्यालाही अंगावर होतं का. होतं तर, आई म्हणाली, शिवाय जरीचा परकर, थंडी म्हणून आत स्वेटर आणि ओटीत पाण्यानं भरलेला नारळ. दुकानदार लगेच बोटांवर मोजायला लागला. काटा त्याचा, त्यामुळे आता तोही या गणितात होता.

मी आजोबांकडे वळले. पारडी सारखी झाली तेव्हा गूळ घालायचं थांबवलं ना, असं विचारलं. त्यांना माझी कीव आली असावी.

"आईला काय घासून द्यायचं?" ते म्हणाले. "गुळाचं पारडं भुईला टेकल्यावर आनिक एक ढेप ठिवली म्या."

मला आता हसू आवरेना. मी ट्रे घट्ट धरून भिंतीकडे तोंड केलं. माझे खांदे हलताना सगळ्या वॉर्डानं बघितले. सिस्टरांनी चष्मा काढून पदराऐवजी ॲप्रनच्या टोकानं पुसला, म्हणजे त्यांनाही हसू फुटलं होतं. दुकानदारानं बोटं मोजून सांगितलं की मग धरा दहा. आजोबांचा चेहरा जरा उतरला होता, पण दहाही वाईट नाही, असं ते स्वतःला समजावत होते.

आई मात्र हसली नव्हती. तिनं मला विचारलं की एकदोन किलोनं एवढं काय अडतंय, देऊन टाका की, पोरीला धाप लागलीय. तिचं बरोबर होतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली आणि मी नीट सांगितलं. हे औषध चांगलं आहे, छाती मोकळी करेल. पण वजनाच्या मानानं कमी पडलं तर आजार हटायचा नाही, आणि जास्त झालं तर किडनीला आणि कानाला धोका. एका सुईनं काही होत नसतं, पण ही सुई आठवडाभर रोज द्यायची आहे. रोज जास्त गेलं तर पोरीचं ऐकणं जाऊ शकतं. आईनं दोन्ही तळवे पोरीच्या कानांवर ठेवले, जणू औषध कानातूनच आत जाणार होतं.

आता पोरीला काट्यावर ठेवायचं एवढंच उरलं होतं. पण पाऊल पुन्हा आजींच्या मुठीत. मी म्हणाले, आजी, सोडा. त्या सोडेनात. सून म्हणाली, अत्या, सोडा की. तरी नाही. मग त्यांनी माझी बाही धरली आणि मला ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी नेलं. माझ्या खांद्याएवढ्या होत्या त्या. मान वर करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलल्या.

"माझा हात व्हता पारड्यावर."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. पोर तराजूत रडत होती, तिला धरायचं निमित्त करून त्यांनी पारडं खाली दाबलं होतं. चांगलं दाबलं होतं. इतकी वर्षं ज्या दाराशी मागितलं तिथं हातचं राखून द्यायला मन झालं नाही, येडाईला भरभरून जावं, म्हणून. मालकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी नातीचे बारा किलो गावभर सांगितले आणि यांनी ते ऐकून घेतले. आणि आता पोर आजारी पडली होती. वजन खोटं होतं म्हणूनच देवी कोपली, नवस फिटलाच नाही, आणि काट्यावर ठेवलं की ते सगळ्यांसमोर उघडं पडणार, असं त्यांना वाटत होतं. एवढा वेळ आम्ही सगळे हसत होतो आणि ही बाई एकटी भीत बसली होती.

"जास्त गेलं म्हून आई रागावंल का गं बाई?" त्यांनी विचारलं.

मी काही फार शहाणी नाही. सुचलं ते बोलले. "जास्त दिलं म्हणून कुणाची आई रागावते, आजी? औषध मात्र रागावतं."

आजींनी पदरानं डोळे टिपले, तरातरा चालत परत गेल्या, आणि सगळ्यांसमोर, मालकांकडे न बघता, म्हणाल्या, "पारडं म्या दाबलं व्हतं. आईचं आईला गेलं. पोरीला पोरीएवढंच द्या." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नातीला उचलून काट्यावर बसवलं, मग दोन्ही हात वर केले, कुठंच टेकलेले नाहीत हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

पोर ताटलीत बसली. खाली चमकणारे लाल आकडे बघून ती त्यांना पकडायला वाकली. आकडे धावले, मागेपुढे झाले आणि आठावर येऊन थांबले. आठ. येरमाळ्याचा तराजू चुकला, माझे हातही चुकले, दुकानदाराचे दहाही चुकले. सिस्टरांनी वाचलं, मी वाचलं, आईनं वाचलं. आणि सगळ्यांनी वाचून झाल्यावर पोरीनं त्या नव्याकोऱ्या काट्यावर शांतपणे शू केली. दुकानदारानं जो आवाज काढला तो बाजारात ऐकू गेला असेल. मी खाली बसले. खरंच सांगते, हसून हसून.

उठले आणि पाठ फिरवली. हसताना गणित करू नये, म्हणून एक मोठा श्वास घेतला. आठ गुणिले साडेसात, साठ. ऐंशी मिलिग्रॅमला दोन मिली, तर साठला किती. लिहिलं, उलटं करून पुन्हा ताडून बघितलं. सिस्टरांचं पेन थांबल्याचं ऐकलं. आम्ही समोरासमोर झालो.

"दीड," दोघी एकदम म्हणालो.

एकच बाटली आणि तीही पूर्ण नाही. डॉक्टर प्रसूतीच्या खोलीतून मोकळे होऊन आले, त्यांनी वजन बघितलं, हिशेब बघितला, मान डोलावली आणि विचारलं की मग बारा कुठून आले होते. मला पुन्हा हसू फुटलं, मी नुसती हात हलवत राहिले. सिस्टरांनी सांगितलं. डॉक्टर स्वतः त्याच भागातले. ते गंभीर चेहरा करून म्हणाले की मलाही लहानपणी जोखलेलं आहे, आता माझ्या वजनावरही विश्वास ठेवू नका.

सुई टोचली तेव्हा पोर ओरडली. छाती भरलेली असून आवाज खणखणीत. आजोबा बाकावर कोपऱ्यात बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "मंग पोरगी बारा किलोची न्हाय व्हय." मला वाटलं आता हे आजींवर चिडणार. पण ते आजींकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होते, ही बाई एवढं मनात ठेवू शकते याचं नवल करत. मग त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून मला दिला. येरमाळ्याचाच होता, उरलेल्यातला.

ते लोक आठवडाभर वॉर्डात होते. रोज सुईच्या वेळी आम्ही दोघी पाठी करून उभ्या राहिलो की आजी मधोमध येऊन उभ्या राहायच्या. आम्ही वळायच्या आत त्याच विचारायच्या, "दीडच हाय न्हवं?" सिस्टर त्यांना म्हणायच्या, आजी, तुम्ही आधीच बोललात तर आमचा खेळ मोडतो. आजींना खेळाशी देणंघेणं नव्हतं. पोरीची धाप कमी होत गेली, ताप उतरला, ती मास्क लावला नाही की रडायला लागली. घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या लशीला आणाल तेव्हा कान तपासून घेऊ, तसं काळजीचं नाही. मी मान डोलावली, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. आठवडाभर बरोबर दिलेलं औषधही जपून द्यायचं असतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे तो महिना मी लशीच्या दिवसाकडे डोळे लावून काढला.

ते लोक आले तेव्हा शिपाईमामांनी सेल आणलेला होता आणि आमचा काटा बोलायला लागला होता. आजी दारातूनच म्हणाल्या की अंगावर काही ठेवलेलं नाही, बघून घ्या. खरंच, पोर नुसत्या झबल्यात, पायही रिकामे. चांदी सगळी आजींच्या पिशवीत होती. मी काट्यावर ठेवलं, आठ किलो सातशे. आजोबांनी व्हरांड्यातून किती म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि ते अनोळखी माणसांना सांगायला निघून गेले.

पोर माझ्याकडे बघत होती, माझ्या खिशातलं पेन मुठीत धरून. मी डोळ्यांनी सिस्टरांना खुणावलं. डॉक्टर यायचे होते, तपासणी व्हायची होती, पण मला दम नव्हता. काही वाजवावं म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात पोरीच्या मागं, तिला दिसणार नाही अशा जागी उभ्या असलेल्या आजींनी पिशवीत हात घातला. त्यांनी एक वाळा काढला आणि अगदी हळू, घरी झोपलेल्या लेकराला उठवताना वाजवतात तसा, वाजवला.

पोरीनं पेन सोडलं आणि मान वळवली.

आजींनी वाळा पुन्हा पोरीच्या पायात घातला. आणि मी, नको तिथं हसणारी मी, त्या भरल्या दवाखान्यात ढसाढसा रडले.